पाण्यातली वस्ती

सोलापूरहून विजापूर रस्त्याला लागलं की वडकबाळला सीना ओलांडावी लागते. मंद्रूप सोडून तसंच खाली गेलं की टाकळीला भीमा आडवी येते. दोन नद्यांच्या मधला हा पट्टा, त्यामुळे बाहेरच्या माणसाला वाटतं, इथं पाण्याला काय तोटा. पण पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, वर काळी चिकट माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. या पट्ट्यात विहिरीला पाणी लागलं तरी बऱ्याचदा मचूळ लागायचं. डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही. गोडं पाणी जिथं असेल त्या आडावर मग सगळ्या गावाचा राबता.

मी आरोग्य सेवक म्हणून लागलो आणि आरोग्य सहाय्यक म्हणून निवृत्त झालो. नोकरीचा मोठा भाग लोकांच्या पाण्यात पावडर टाकण्यात आणि ती टाकली की नाही हे बघण्यात गेला. आमच्या दप्तरात पाण्याचे प्रकार दोनच, पिण्यास योग्य आणि पिण्यास अयोग्य. खरं तर या भागातल्या लोकांनी पाणी प्यायची तऱ्हा चार-पाच वेळा बदलली आणि दर वेळी पाण्यातली न दिसणारी वस्तीही बदलली. आम्ही तिला हाकलून लावत होतो असं म्हणणं म्हणजे बढाई झाली. आम्ही फार तर कोणी राहायचं आणि कोणी नाही एवढं ठरवत होतो, आणि तेही सगळ्यांच्या बाबतीत नाही.

सगळ्यात जुनी तऱ्हा झिऱ्याची. उन्हाळ्यात नदीची धार तुटली की भीमेच्या पात्रात बायका वाळू उकरून हात-दीड हाताचा खड्डा करायच्या. पहिलं गढूळ पाणी उपसून टाकायचं, मग कडेनं नितळ पाणी पाझरून येतं, ते वाटीनं घागरीत भरायचं आणि घागरीच्या तोंडावर गाळायला चौघडी कापड. माझी आजी भीमाकाठच्या गावची. ती नदीचं वाहतं पाणी तोंडात घ्यायची नाही, झिऱ्याचंच प्यायची. कारण विचारलं तर म्हणायची, “वाळूतनं आलेलं पाणी ते, वाळू खाते सगळी घाण.”

वाळू घाण खाते हे शब्दशः खरं आहे, फक्त खाणारी वाळू नसते. वाळूच्या कणाकणावर जिवाणूंचा पातळ चिकट थर बसलेला असतो आणि पाणी हळू पाझरत गेलं की त्यातले रोगजंतू या थरात अडकतात आणि तिथल्या रहिवाशांचं अन्न होतात. लंडनमध्ये १८२९ साली जेम्स सिम्पसन यानं चेल्सी वॉटरवर्क्ससाठी वाळूची मोठी गाळणी बांधली, तेव्हा हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पाणी स्वच्छ दिसतं एवढ्यावर सगळे खूश होते. १८९२ साली जर्मनीत त्याचा अर्थ कळला. हॅम्बुर्ग आणि आल्टोना ही एकाला एक लागून असलेली शहरं, दोघांचं पाणी एल्बे नदीचं. आल्टोना तर खालच्या अंगाला, हॅम्बुर्गची सगळी घाण अंगावर घेणारं. तरी पटकीनं हॅम्बुर्गात साडेआठ हजारांच्या आसपास माणसं मेली आणि आल्टोना बरंचसं वाचलं, कारण आल्टोनाचं पाणी वाळूतून गाळलेलं होतं आणि हॅम्बुर्गचं नव्हतं. रॉबर्ट कॉखनं याचा बारकाईनं अभ्यास केला. एका रस्त्याच्या अलीकडे पटकी आणि पलीकडे काही नाही, अशी स्थिती होती.

आजीचा झिरा म्हणजे आल्टोनाची गाळणी नव्हे, एवढं मला कळतं. खड्ड्यात जनावर तोंड घालायचं, शेजारीच कोणी धुणं घेऊन बसायचं. पण पात्रात दोन-दोन पुरुष वाळू होती तेव्हा ती गाळणी होती. ती वाळू पुढं कुठं गेली, कोणत्या ट्रकनं आणि रात्री किती वाजता, हे सोलापूर जिल्ह्यात कोणाला सांगायची गरज नाही. खाली खडक उघडा पडला आणि झिरा ही गोष्टच उरली नाही.

भीमा आमच्याकडे येते ती पंढरपूरहून, ही या भागातली दुसरी गोष्ट. आषाढीला लाखो माणसं वाळवंटात उतरायची आणि वारीहून परतणाऱ्यांबरोबर पटकी गावोगाव जायची. जुनी माणसं तिला रोग म्हणत नसत, मरीआई म्हणत. गाव मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायचं. पुढच्या गावानं तो आणखी पुढं ढकलायचा. नदीचं पाणीही त्याच वाटेनं पुढच्या गावाला जात होतं, पण त्याला कोणी हळदकुंकू लावत नव्हतं.

इंग्रजी अमलात विहिरींवर लाल औषध आलं, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. हा उपाय हिंदुस्थानात ज्यानं नेटानं पसरवला तो अर्नेस्ट हॅन्किन आग्र्याला सरकारी प्रयोगशाळेत होता. त्याचं दुसरं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १८९६ साली त्यानं छापलं की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू टाकले तर काही तासांत मरतात, पण तेच पाणी उकळून घेतलं तर मरत नाहीत. म्हणजे त्या पाण्यात जंतूंना मारणारं काहीतरी होतं आणि उकळल्यावर ते जात होतं. एकवीस वर्षांनी, १९१७ साली फेलिक्स देरेल यानं जिवाणूंना खाणाऱ्या विषाणूंचं वर्णन केलं आणि हॅन्किनला काय दिसलं होतं याचा बहुधा तोच उलगडा. नदीत पटकीचा जंतू असतो तसा त्याला खाणाराही असतो. परमँगनेट मात्र दोघांनाही मारतं. आजी सांगायची, आड जांभळा झाला की चार दिवस देवाला पाणी घालायची पंचाईत व्हायची, कारण रंगीत पाणी देवाला कसं घालायचं! माणसांनी प्यायला हरकत नव्हती.

नारूची गोष्ट माझ्या नोकरीच्या सुरुवातीची. आता तरुण डॉक्टरांनाही नारू फक्त पुस्तकातून माहीत आहे. पायविहिरीत माणूस पायऱ्या उतरून घोटाभर पाण्यात उभा राहतो आणि घागर बुडवतो. पायाला नारूचा फोड असेल तर पाण्याचा स्पर्श होताच मादी जंत हजारो अळ्या पाण्यात सोडते. त्या अळ्या सायक्लॉप्स गिळतो. हा पाण्यातला पिसूएवढा जीव, उन्हात ग्लास धरला तर टिंबासारखा उड्या मारताना दिसतो. ते पाणी पिणाऱ्याच्या पोटातून जंत कातडीखाली जातो आणि वर्षभरानं हात-दोन हात लांबीचा होऊन पायातून बाहेर येतो. तो काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळत काढायचा. घाईत तुटला की पाय सुजून माणूस पेरणीच्या दिवसांत अंथरुणाला खिळायचा.

नारूग्रस्त सात राज्यांत महाराष्ट्र होता, शेजारचं कर्नाटकही होतं. राष्ट्रीय निर्मूलन मोहीम १९८३-८४ साली सुरू झाली. औषध नव्हतं, लस नव्हती. पायऱ्या बंद करायच्या, कठडा बांधायचा, रहाट बसवायचा, विहिरीत सायक्लॉप्स मारायला टेमिफॉस टाकायचं आणि पाणी दुहेरी कापडानं गाळायला लावायचं, एवढंच. भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. पाण्यातून येणारा एक रोग आपण खरोखर मुळासकट काढला तो हा एकच, आणि तो काढला गवंड्यानं. पायऱ्या बुजवताना म्हाताऱ्या कोताऱ्या फार चिडायच्या. पाय धुवायला, दोन घटका बसायला, सुनेच्या तक्रारी सांगायला जागा होती ती गेली.

१९७२च्या दुष्काळानं आड आटले आणि बोअर आलं. जमिनीत खोल भोक पाडायचं आणि हापसा बसवायचा. आधीचे ओतीव लोखंडाचे हापसे अंगणात चार माणसांनी वापरायचे, ते गावानं दिवसभर हापसल्यावर महिन्यात मोडायचे. टिकाऊ हापसा घडला तो सोलापूरच्या वर्कशॉपात. त्या सोलापूर पंपाच्या घडणीवरूनच पुढं युनिसेफच्या मदतीनं १९७०च्या दशकात इंडिया मार्क टू तयार झाला आणि तो आफ्रिकेपर्यंत गेला. आमच्या जिल्ह्याची चादर सगळ्यांना ठाऊक असते, हापसा कोणाला ठाऊक नसतो. मला विचाराल तर चादरीपेक्षा हापशानं जास्त माणसं वाचवली.

खोल पाण्यात माणसाच्या विष्ठेचे जंतू सहसा पोचत नाहीत, कारण वरची माती-मुरूम त्यांना अडवतात. पण म्हणून ते पाणी निर्जीव नसतं. सकाळचा पहिला हापसा मारला की लालसर गढूळ पाणी यायचं, त्याला लोखंडाचा वास असायचा. मचूळ पाण्यानं पाइप गंजतो आणि त्या गंजावर लोह खाऊन राहणारे जिवाणू वस्ती करतात. ते निरुपद्रवी असतात, पण लोकांना ते पाणी पाहून किळस यायची आणि घागर घेऊन ती परत आडाकडं जायची. आडाचं पाणी दिसायला काचेसारखं असायचं आणि नेमक्या त्यातच जंतू असायचे. आडावरून हापशावर माणूस वळवायला मला जितकं बोलावं लागलं तितकं कुटुंब नियोजनालाही लागलं नाही.

मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. आमचं प्रशिक्षण एका सूत्राभोवती फिरायचं. विहिरीचा व्यास मीटरमध्ये, गुणिले पुन्हा व्यास, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ७८५, म्हणजे लिटर. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ३७,६८० लिटर. हजार लिटरला पाच ग्रॅम पावडर, म्हणजे साधारण १९० ग्रॅम. हे गणित ग्रामपंचायतीच्या शिपायापासून सरपंचापर्यंत सगळ्यांना शिकवलं. शिपायाला आलं, सरपंचाला यायची गरज पडली नाही.

पावडर तशीच वरून फेकायची नसते. प्लॅस्टिकच्या बादलीत आधी थोड्या पाण्यात तिची पेस्ट करायची, गुठळ्या काठीनं मोडायच्या, मग बादली भरून ढवळायची आणि दहा मिनिटं तशीच ठेवायची. चुना खाली बसतो, वर हिरवट झाक असलेलं पाणी राहतं. नाक जवळ नेलं तर डोळ्यांत पाणी येतं. ते वरचं पाणी दुसऱ्या बादलीत ओतून बादली दोरीनं विहिरीत सोडायची आणि पाण्यात वरखाली हिसके द्यायचे. तासभर कोणी पाणी शेंदायचं नाही. तासानं परीक्षानळीत पाणी घेऊन ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे. पिवळं झालं की क्लोरीन शिल्लक आहे. ही ओटी टेस्ट गावातल्या पोरांना तोंडपाठ होती. मी नळी बाहेर काढली की मागे घोळका जमायचा आणि रंग चढायच्या आतच कोणीतरी ओरडायचं, “पिवळं आलं! पिवळं आलं!”

बायकांना तो रंग आवडायचा नाही आणि वास तर नाहीच. “डॉक्टर, लई वास मारायलंय ओ. चहासुद्धा घशाखाली उतरंना.” मी डॉक्टर नाही हे सांगायचं मी केव्हाच सोडून दिलं होतं. आडात मासे सोडलेले असायचे, कुठं एखादं कासव, पाणी साफ ठेवतं म्हणून. पावडर जास्त झाली की मासे पांढरी पोटं वर करून तरंगायचे आणि मग त्या गावात महिनाभर पावडरीचं नाव काढायची सोय नसायची. नागपूरच्या नीरी संस्थेची दुहेरी मडक्याची युक्ती मला म्हणूनच आवडायची. मडक्यात मडकं, दोघांना एकेक भोक, आत एक किलो पावडर आणि दोन किलो जाड वाळू, वर झाकण आणि सगळं दोरीनं पाण्याखाली मीटरभर टांगायचं. क्लोरीन थोडा थोडा झिरपत दोन-तीन आठवडे पुरतो. वास कमी, भांडण कमी. पण ती घरच्या छोट्या विहिरीची युक्ती, सगळ्या गावाचा आड तिला झेपत नाही.

पावडरीची आणखी एक भानगड म्हणजे ती मरते. चांगल्या पावडरीत तेहतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, उन्हात पडलं की तो उडून जातो आणि उरतो चुना. वीस टक्क्यांखाली गेली की ती पावडर वापरायला अयोग्य. एका गावात दोन पावसाळे खाल्लेल्या पोत्यातून नेमानं पावडर पडत होती, रजिस्टरला सही होती, सगळं व्यवस्थित. विहिरीला फक्त चुना लागत होता. आमची लाल, पिवळी, हिरवी कार्डं आली ती या सगळ्यावर नजर ठेवायला. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, गावाच्या पाण्याचं सर्वेक्षण करून कार्ड द्यायचं. लाल कार्ड मिळालं की सरपंच पहिल्यांदा ७८५ विचारायला यायचा.

नळ आले आणि भांडणाची जागा आडावरून उठून जमिनीखाली गेली. एकदा वॉलमननं लिकेज काढताना कापलेला पाइपचा तुकडा मला आणून दाखवला. दोन इंची जीआय पाइप, आत अंगठा जेमतेम जाईल एवढंच भोक उरलेलं. भिंतीला तपकिरी गाठी, आणि बोट फिरवलं तर सायीसारखा बुळबुळीत थर हाताला आला. तो थर म्हणजे जिवाणूंची पिढ्यान्‌पिढ्यांची वसाहत. पाण्यात तरंगणारे काही जिवाणू भिंतीला चिकटतात, स्वतःभोवती डिंकासारखं काही सोडतात, त्यावर दुसरे चिकटतात. टाकीतून निघालेला क्लोरीन या थराच्या वरच्या पापुद्र्याशी झुंजताना खर्ची पडतो. टाकीखाली ओटी टेस्ट पिवळीधमक आणि शेवटच्या घरात पांढरी, याचं कारण बऱ्याचदा हेच. बोलणी मात्र वॉलमन खायचा, पावडर चोरली म्हणून.

या वसाहतीतले बहुतेक रहिवासी साधे असतात. चांगल्या शहरातल्या स्वच्छ नळाच्या पाण्यातही लिटरमागे दहा लाखांपासून दहा कोटींपर्यंत जिवाणू असतात आणि माणसाला काही होत नाही. भीती पाहुण्यांची. आमच्याकडे पाणी रोज येत नाही. पाणी बंद असताना पाइप रिकामा होतो, गटारातून गेलेल्या पाइपला चीर असेल तर बाहेरचं आत ओढलं जातं. त्यात घरोघरी नळाला मोटर लावलेली, ती तर पंपानं घाण ओढून घेते. चार दिवसांनी पाणी सुटलं की जोरानं थराचे पापुद्रे सुटतात आणि पहिलं पाणी गढूळ येतं. अनुभवी बाई पहिली बादली अंगणात ओतते. तिला कोणी जीवशास्त्र शिकवलेलं नसतं.

प्रयोगशाळेत आम्ही नमुना पाठवायचो तो या सगळ्या वस्तीचा नसायचा. तिथं शोधायचे ते कोलिफॉर्म, म्हणजे विष्ठेशी नातं असलेले जिवाणू. ते सापडले की अयोग्य, नाही सापडले की योग्य. ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आणि कामाची आहे, पण तिच्या डोळ्यांना सगळं दिसत नाही. १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेचा प्रवाह सरकून वझिराबादच्या उपशाजवळ मैलापाणी शिरलं. क्लोरीन भरपूर मारला होता, त्यामुळे विषमज्वर वाढला नाही, पटकी वाढली नाही. कावीळ मात्र २९,००० हून जास्त लोकांना झाली. तिच्यामागचा विषाणू नंतर हिपॅटायटिस ई ठरला. २०१२ साली इचलकरंजीत काविळीनं तेच केलं. २०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या भागात गियाँ-बारे या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले, तिथल्याच नांदेड गावच्या विहिरीचं नाव पुढं आलं, आणि पहिल्या संशयित मृत्यूची बातमी आली ती सोलापुरातून. त्या दिवशी मला जुन्या सहकाऱ्यांचे किती फोन आले! सगळ्यांचा प्रश्न एकच, आपलं पाणी कुठून येतं?

पाणी येतं ते पुण्याकडूनच. मुळा-मुठेचं सगळं काही पोटात घेऊन भीमा उजनीत शिरते. १९८०च्या सुमारास धरण झालं तेव्हा जिल्ह्यानं पेढे वाटले. आता उन्हाळ्यात धरणाचं पाणी हिरवं पडतं, कारण मैलापाण्यातल्या नत्र-स्फुरदावर निळं-हिरवं शेवाळ माजतं, आणि शेवाळ म्हणतात त्याला पण तेही जिवाणूच. तेच पाणी नदीतून सोडून औज बंधाऱ्यात अडवतात आणि टाकळीहून उपसून सोरेगावला शुद्ध करून सोलापूरला पाजतात. जिथं आजी झिरा उकरायची त्याच पात्रातून.

मंद्रूपसारख्या गावांत आता खारं पाणी आरओ प्लांटमध्ये गोड करून जारमधून विकतात. पाच-दहा रुपयांत वीस लिटर. मचूळ पाण्यावर जन्म काढलेल्या माणसाला हे पाणी अमृत लागतं आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. पण आरओच्या यंत्रात क्षार काढले जातात तसा पाण्यात क्लोरीनही राहत नाही. नंतर जारमध्ये जे शिरेल त्याला अडवायला तिथं कोणी नसतं आणि जारच्या आतल्या वळणावर तोच बुळबुळीत थर बसतो.

जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाणी तपासणीचं किट देतात. त्यात छोटी बाटली असते, ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेत १९८२ साली शोधलेल्या पद्धतीची. पाणी भरून ऊबदार जागी ठेवायची, दुसऱ्या दिवशी काळी पडली तर पाणी वाईट. आमच्या ओळखीतल्या एका आक्कानं नळाबरोबर जारच्या पाण्याचीही बाटली लावली. नळाची पिवळट राहिली, जारची काळी झाली. ती बाटली पदराखाली घेऊन प्लांटवर गेली. प्लांटवाला गावातलाच पोरगा. तो म्हणाला, “आक्का, पाणी चांगलंच हाय की ओ, लोकं जार कुठं कुठं ठेवतेत त्याला मी काय करू?” त्यातही तथ्य होतंच. कोणाच्या घरी जारला माती लागलेली, कोणाच्या दुकानात त्यात तांब्या बुडवतात.

मला बोलावलं म्हणून मीही गेलो. पावडरीचं नितळ पाणी करून जार आतून खळबळून घ्यायचे, अर्धा तास ठेवायचे, मग धुवायचे, एवढं दाखवलं. पोरगा तेव्हापासून करतोय. पुढची बाटली काळी झाली नाही. पण आठवड्यात त्याच्याकडं तक्रारी आल्या की पाण्याला नळाच्या पाण्यासारखा वास मारायलाय, मग पैसे कशाचे? दोन हॉटेलवाल्यांनी दुसऱ्या प्लांटचे जार लावले. तो आता जार धुऊन झाल्यावर उन्हात उपडे घालतो, वास जावा म्हणून, आणि आक्काला म्हणतो की त्या दुसऱ्या प्लांटचीही बाटली लाव.